संगणकाचे घड्याळ चुकल्यास आधार प्रमाणीकरण का अडते?

सामान्य सेवा केंद्रावर हयातीचा दाखला काढताना बोटाचा ठसा घेतला जातो. त्या ठशासोबत तो कधी घेतला, ही वेळही आधारच्या सर्व्हरकडे जाते. ही वेळ संगणकाच्या घड्याळावरून घेतलेली असते. घड्याळ चुकलेले असेल, तर ठसा स्पष्ट असूनही विनंती नाकारली जाते. केंद्रावर मात्र "आजोबा, तुमचे ठसे लागत नाहीत" असे सांगून पेन्शनधारकाला परत पाठवले जाते आणि दोष नसताना त्याला दुसरा हेलपाटा पडतो.

आधी त्रुटी क्रमांक वाचा

क्रमांक ३०० आल्यास ठसा जुळलेला नाही. ५६१ म्हणजे विनंतीची मुदत संपली आहे, म्हणजेच संगणकाची वेळ मागे आहे. ५६२ म्हणजे वेळ भविष्यातील आहे, म्हणजेच घड्याळ पुढे आहे. शेवटचे दोन क्रमांक दिसल्यास लाभार्थ्याचे बोट पुन्हा पुन्हा टेकवण्यात अर्थ नाही. ब्राउझरमध्ये सुरक्षित संकेतस्थळे उघडत नसतील किंवा "तुमचे घड्याळ मागे आहे" असा संदेश येत असेल, तरी कारण हेच असते.

किती फरक आहे, ते पाहा

मोबाइलवरील वेळेशी तुलना करा. फरक किती आहे, यावरून बहुतेक वेळा कारण कळते.

काही मिनिटांचा फरक असल्यास इंटरनेटवरून वेळ जुळवणे बंद पडलेले असते. नेमका साडेपाच तासांचा फरक असल्यास बॅटरी बदलू नका. टाइम झोन चुकला असण्याची किंवा त्याच संगणकावर लिनक्सही असण्याची शक्यता आहे. लिनक्स आतल्या घड्याळात सहसा जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज ती स्थानिक वेळ समजते. टाइम झोनच्या यादीत "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली" हा पर्याय निवडलेला असावा. झोन चुकीचा असेल, तर वेळ कितीही वेळा जुळवली तरी घड्याळ चुकीचेच दिसेल.

संगणक बंद करून सुरू केल्यावर तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ प्रकारचा असतो. येथे अनेकांची एक अडचण होते : "सिंक नाऊ" दाबूनही वेळ जुळत नाही. कार्यालयीन डोमेनमध्ये नसलेल्या संगणकावर फरक १५ तासांपेक्षा जास्त असल्यास विंडोज मूळ सेटिंगनुसार स्वतःहून दुरुस्ती करत नाही. त्यामुळे आधी तारीख व वेळ हाताने ठीक करा, मग जुळवा आणि नंतर सेल बदला. सेल बदलल्यावर संगणक रात्रभर मुख्य वीजजोडणीपासून काढून ठेवा आणि सकाळी वेळ तपासा.

वेळ जुळवण्याची पद्धत

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये "टाइम अँड लँग्वेज", तेथे "डेट अँड टाइम" उघडा. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू करून "सिंक नाऊ" दाबा. जमले नाही, तर "सर्व्हिसेस" यादीतील "विंडोज टाइम" ही सेवा सुरू आहे का, ते पाहा. बंद असल्यास सुरू करून तिचा प्रकार "ऑटोमॅटिक" ठेवा. तरीही अपयश आल्यास राउटर किंवा फायरवॉल अडवत असण्याची शक्यता आहे. वेळेची देवाणघेवाण यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. संकेतस्थळे वेगळ्या पोर्टवरून उघडतात, म्हणून "इंटरनेट तर चालू आहे" हा पुरावा येथे उपयोगी नाही.

सरकारी किंवा कंपनीच्या डोमेनमधील संगणक आपल्या मुख्य सर्व्हरकडून वेळ घेतो. तेथे स्वतः बदल न करता नेटवर्क प्रशासकाला कळवा. मुख्य सर्व्हरच चुकला असेल, तर सगळ्या टेबलांवर तीच चूक दिसेल.

वेळ कोठून घ्यावी?

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या व सरकारी संस्थांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत. सायबर गुन्ह्याच्या तपासात वेगवेगळ्या यंत्रणांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, तेव्हा याचे महत्त्व कळते.

जुन्या सॉफ्टवेअरची मुदत लांबवण्यासाठी तारीख मुद्दाम मागे ठेवण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. आधार किंवा डिजिटल स्वाक्षरीचे काम होणाऱ्या संगणकावर ती अजिबात करू नये.

वेळ ठीक केल्यावर अर्ज व ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा आणि ठसा नव्याने घ्या. आधी घेतलेल्या ठशासोबत जुनीच वेळ असते. आता ३०० क्रमांक आला, तर बोट पुसून दुसरे बोट वापरा किंवा चेहऱ्याद्वारे प्रमाणीकरणाचा पर्याय द्या.