चावडीवर तुमचं नाव पुकारतात

मुरगूडच्या स्टँडवर तुम्ही उतरता तेव्हा दिवस कललेला आहे. वेदगंगेकडून गार वारा येतोय आणि त्यात कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोडसर वास मिसळलाय. शेजारच्या वडापात आदमापूरला निघालेले भाविक दाटीवाटीनं बसलेत. "बाळूमामाच्या नावानं चांगभलं!" म्हणत गाडी हलते.

गाडी दिसेनाशी होते, पण आदमापूर हे नाव तुमच्या कानात राहतं. आदम. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचाही पहिला माणूस. देवानं मना केलेलं फळ त्यानं खाल्लं. ते देणं त्याच्या लेकराबाळांच्या डोक्यावर आलं का?

प्रश्न पोथीतला वाटतो ना? मग शंभरावर वर्षं मागं चला.

साल १९१७. स्टँड नाही, विजेचे दिवे नाहीत. याच खोऱ्यातल्या एका गावची चावडी आणि काच काजळलेला एक कंदील. तुम्ही बेरडाच्या घरात जन्मला आहात, वय सोळा. दिवसभर दुसऱ्याच्या रानात शेंगा उपटून नखांत माती भरलीय. पोटात अजून भाकरी नाही, कारण आधी हजेरी. पुढं वडील, त्यांच्यामागं चुलते, मग तुम्ही. नाव पुकारलं की "हाय जी" म्हणायचं आणि मान खाली घालून बाजूला व्हायचं. तुम्ही कुणाचं काही चोरलेलं नाही, वडिलांनीही नाही. पण महार, मांग, रामोशी, बेरड या जातींत जन्मलं की माणूस गुन्हेगार धरायचा, अशी रीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली हीच समजूत कायद्यात घालून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायची सोय केली.

घराकडं येताना तुम्ही विचारता, "आबा, आपुन काय केलंया?"

आबा खांद्यावरचं घोंगडं सावरतात. वाटेत कुत्रं भुंकतं, ते थांबेपर्यंत गप्प राहतात. मग म्हणतात, "तुज्या आज्याचीबी हजेरी हुती. माजीबी हाय. आता तुजी."

घरात दुसरी इस्टेट नाही. वारसा म्हणून तुमच्या हाती आली ती ही हजेरी.

त्या रात्री झोप लागत नाही. शहाणी माणसं याबद्दल काय सांगतात ते ऐकायला तुम्ही आणखी मागं जाता. १६१६ साल, गोव्यातलं राशोल. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं आपल्या ओवीत रचलेलं 'क्रिस्तपुराण' नुकतंच छापून झालंय. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि भाषा ऐकून ज्ञानोबा-एकनाथांच्या घरातलीच कुणी बोलतंय असं वाटावं. आदमाच्या पतनाची कथा मराठीत आली ती अशी. चर्चमध्ये एक आई तान्हं बाळ घेऊन उभी आहे. त्या बाळानं अजून डोळे नीट उघडलेले नाहीत, तरी आदमापासून चालत आलेलं मूळ पाप त्याच्यावर आहे आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ते धुतलं जाईल, अशी तिची श्रद्धा आहे. पाणी कपाळाला लागतं, बाळ दचकून रडतं आणि आईचा चेहरा सैलावतो. त्या चेहऱ्यावरचा दिलासा खरा आहे. त्याला हसू नका.

आता जुन्या काळच्या कोकण किनाऱ्यावर या. इथले बेने इस्राएल यहुदी मराठी बोलतात, शनिवारी घाण्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणतं. आदमाची गोष्ट यांच्याच धर्मग्रंथातली. पण बापाचा गुन्हा मुलानं भोगायचा नाही, हे यहेज्केल संदेष्ट्यानं बजावून ठेवलंय, आणि यहुदी धर्मात मूल पापी म्हणून जन्माला येत नाही. कागलला गैबीपीराच्या उरुसात तुमच्या शेजारी उभा असलेला मुसलमानही तेच मानतो: आदमानं माफी मागितली, अल्लानं ती दिली, हिशेब तिथंच मिटला. कुणी कुणाचं ओझं वाहत नाही.

१८५७ साल, मुंबईचा समुद्रकिनारा. जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी इथं मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालतायत. गर्दीतून वाट काढत तुम्ही पुढं सरकता. पाद्र्यांच्या धर्मात आदमाच्या पडण्यात सगळी माणसं पडलेली. बावांच्या हिंदू धर्मात ज्याचं कर्म त्याला, या जन्मी नाहीतर पुढच्या जन्मी. कागल-निपाणी पट्ट्यातला जैन शेतकरीही कर्म ज्याचं त्याचंच मानतो. अनादी काळापासून जीवाला चिकटलेलं हे कर्म तपानं झडतं, असं तो सांगेल.

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण तुम्ही बेरडाचं पोर आहात, म्हणून तुम्हाला पुढचं वाक्यही ऐकू येतं: मागच्या जन्मी पाप केलंस, म्हणून या घरात जन्मलास. म्हणजे घर बघायचं आणि पाप ठरवायचं. आजा, बाप, तुम्ही, सगळे एकाच घरातले, मग पापीही सगळेच! कर्माचा सिद्धांत चावडीवर येईतो वारसाहक्क होऊन बसतो.

इथं मला स्पष्ट बोललं पाहिजे. ख्रिस्ती मूळ पाप माझ्या मनाला पटत नाही. पण ते राजाला आणि महाराला सारखंच लागू होतं, त्यात कुणी सोवळा सुटत नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात मिशन घेऊन आले, तेव्हा ज्यांना जन्मभर एकट्यांनाच पापी ठरवलं होतं, त्यांना ही समानता केवढी वाटली असेल. पाप सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत असेल तर त्यावर धर्मचर्चा करू. ते एकाच आळीच्या वाट्याला येत असेल, तर तो जुलूम आहे.

१९१८. तुम्ही सतरा वर्षांचे. कागलकर घाटग्यांच्या घरातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले शाहू छत्रपती हुकूम काढतात: या जातींची हजेरी बंद. संध्याकाळ होते, सवयीनं तुमचे पाय चावडीकडं वळतात आणि अर्ध्या वाटेवर थांबतात. घरी जाऊन तुम्ही दिवस मावळायच्या आत भाकरी खाता. आबा बराच वेळ उंबऱ्यात बसून असतात.

दोन वर्षांनी, २१ आणि २२ मार्च १९२० ला, कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरते. अध्यक्ष अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः हजर. मुलाला आईबापाकडून देह मिळतो, मागल्या जन्मीचं पाप त्याच्या दारिद्र्याचं कारण नव्हे, हा विचार आंबेडकरांनी पुढं 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मांडला. तो त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली निघाला.

ब्रिटिशांचा गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी.

आता परत या. मुरगूडच्या स्टँडवर दिवे लागलेत, आदमापूरचं पुढचं वडाप भरतंय. तुम्ही गावी जाल. कधी कुणाच्या विहिरीवरची मोटार चोरीला जाईल आणि पंचनाम्याआधीच चहाच्या टपरीवर कुणीतरी एका वस्तीकडं बोट दाखवेल. तेव्हा गप्प राहू नका. पुरावा मागा.