कोल्हापूर व सातारा येथील वसतिगृहे

वसतिगृह म्हटले म्हणजे आजच्या पुष्कळांच्या डोळ्यांसमोर निजावयाची खाट, कपाट आणि खानावळ एवढेच चित्र उभे राहते. परंतु ज्या घरात पूर्वी कोणी मॅट्रिकचे तोंड पाहिले नव्हते, त्या घरातील मुलास कॉलेजच्या दारापर्यंत नेऊन पोचविण्याचे काम आपल्या दक्षिण महाराष्ट्रात वसतिगृहांनी केले. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडावा, आणि त्यावरून आपणा सर्वांस एक अडचणीचा प्रश्नही विचारावा, असा मानस आहे.

कोल्हापुरास राजाराम कॉलेज १८८० पासून होते. पण कॉलेज शहरात असणे निराळे व खेड्यातील कुणब्याच्या मुलास ते लाभणे निराळे. शहरात उतरावे कोठे आणि दोन वेळा जेवावे कोठे, येथेच गाडे अडत असे. माधुकरी मागून अथवा वार लावून शिकण्याची रूढी होती खरी. मात्र ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती. इतरांस तो आधारही नव्हता. शाहू छत्रपतींनी प्रथम सर्वांसाठी एकच वसतिगृह ठेवून पाहिले, परंतु त्यात ब्राह्मणेतर मुले टिकेनात. तेव्हा १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि मागोमाग लिंगायत, शिंपी, पांचाळ अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दरबाराने जागा दिल्या, वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. १९०२ च्या जुलैत महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे सर्वश्रुत आहे. पण जागा राखल्या तरी त्या भरावयास शिकलेली माणसे कोठून आणावयाची? हुकूम आणि बोर्डिंग ही एकाच गाड्याची दोन चाके होती, ही गोष्ट आपण विसरतो.

जातवार वसतिगृहांनी जातिभेद पक्का केला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिले, आणि तेथील सोवळ्याओवळ्याच्या नियमांशी न पटल्याने त्यांस ते सोडावे लागले. स्वतः ते मॅट्रिक झाले नाहीत. परंतु १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग सुरू करून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या बोर्डिंगास छत्रपती शाहूंचेच नाव दिले गेले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अखेरीस मंगळसूत्रही गेले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ज्याच्यापाशी पैका नाही त्याने अंगमेहनत करावी व शिकावे, ही ‘कमवा व शिका’ची रीत तेथे होती. शेतात राबणारा, दगड फोडणारा मुलगा दुपारी इंग्रजीच्या वर्गात बसे. त्याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

माझ्या मते महाराजांची शिडी त्या काळी अवश्य होती, आणि अण्णांनी तीवर सर्वांस चढू दिले. दोघांनीही मुलगा हुशार ठरेपर्यंत वाट पाहिली नाही. त्याला आधी जेवू घातले, जागा दिली, मग परीक्षेस बसविले.

आता प्रश्न. आपण दरवर्षी गुणगौरव करतो. उत्तम गुण मिळविणाऱ्यांस शाल, श्रीफळ व पाकीट देतो. त्यांतील बहुतेकांचे आईबाप सुशिक्षित असतात. बावन्न टक्के मिळविणारा, पण घराण्यात पहिलाच असा मुलगा टाळ्या वाजवावयास मागे उभा असतो. १९७५ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक उतरून मीही असाच उभा होतो. कॉलेजात अर्जाची मुदत असते, हे आमच्या घरी कोणास ठाऊक नव्हते. मी गेलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. पुढे अध्यापक विद्यालयात गेलो, जन्मभर मुले शिकविली, तक्रार नाही. पण पदवी राहिली ती राहिलीच.

आज शिक्षणशुल्काच्या शिष्यवृत्तीस शाहू महाराजांचेच नाव आहे. परंतु उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते आणि संगणकावरील अर्ज यांत एक अक्षर चुकले की अर्ज परत येतो, आणि वडील मजुरीवर गेलेले असतात. म्हणून गेली तीन वर्षे जून-जुलैत दर रविवारी मी व दोन निवृत्त सहकारी मंडळाच्या सभागृहात मेज मांडून बसतो व येईल त्याचे कागद पाहून देतो. मूल कोणत्या ज्ञातीचे, हे विचारीत नाही. याबद्दल काही सभासदांची नाराजी कानावर आली आहे. यंदा गुणगौरवाच्या रकमेपैकी निम्मी रक्कम प्रवेशाच्या पहिल्या हप्त्यासाठी उसनवार देण्यास ठेवावी, असा ठराव मी वार्षिक सभेकडे पाठविला आहे. तो चर्चेस घ्यावा, आणि आम्हांस आणखी एक मेज व चार खुर्च्या मिळाव्यात, ही चिटणीसांस विनंती.