नवानंतर दहा

१ एप्रिल १९५७ पूर्वी ज्यांनी रुपये-आणे-पैचा हिशेब ठेवला, त्यांना एक रुपया नऊ आण्यांपेक्षा एक रुपया दहा आणे अधिक, हे सांगावे लागत नसे. तेच आकडे मध्ये बिंदू घालून १.९ आणि १.१० असे मांडले, की दशांशांची सवय झालेला मनुष्य पहिल्यालाच मोठे म्हणेल. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. सॉफ्टवेअरच्या आवृत्तिक्रमांकांचा इतिहास हा बव्हंशी ह्या दोन वाचनांतील संघर्षाचाच इतिहास होय.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन घडविले. कोणती फाईल नंतर बदलली एवढेच ते पाही आणि तेवढाच भाग पुन्हा बांधून काढी. काम एका घरचे होते तोवर हे पुरले. पुढे परक्यांनी रचलेले शेकडो भाग एकत्र आणून प्रोग्राम उभा करण्याची रीत पडली, तेव्हा काळाची कसोटी अपुरी ठरली. कारण नवी आवृत्ती निघाल्यावरही जुनीतील दोष काढून ती पुन्हा प्रसिद्ध होऊ शकते. जी मागाहून आली ती पुढची, असे म्हणण्याची सोय उरली नाही.

मग क्रमांकांकडे वळावे, तर तेथे निराळीच अडचण. यंत्र शब्दकोशाप्रमाणे एकेक अक्षर ताडून पाहू लागले, की १.१० हा १.९ च्या आधी येतो. कारण एक हा नवाच्या आधीचा. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी आरंभिलेल्या डेबियन प्रकल्पात ह्यावर जो नियम रूढ झाला, तो मोठा मार्मिक आहे. क्रमांकाचे अंकांचे आणि इतर चिन्हांचे तुकडे पाडावयाचे आणि अंकांचा तुकडा संख्या म्हणून तोलावयाचा. अंतिम आवृत्तीपूर्वीच्या कच्च्या आवृत्तीसाठी नागमोडी रेघेचे चिन्ह योजले. ते जेथे येईल तेथे क्रम मागे जातो. मूळ कर्त्याने क्रमांकपद्धतीच बदलून पुन्हा एकापासून आरंभ केला, तर पुढे नवे युग दर्शविणारा अंक लावतात. शककर्ता राजा नवा शक सुरू करतो, तसाच हा प्रकार.

२०१३ साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ ह्या नियमावलीची २.०.० ही आवृत्ती निघाली. तिने तीन अंकांना अर्थ दिला : पहिला वाढला तर जुन्याशी मेळ तुटला, दुसरा वाढला तर जुने न मोडता नवी भर पडली, तिसरा वाढला तर केवळ दुरुस्ती झाली. परंतु ह्या नियमावलीत १.०.०-१ ही १.०.० च्या आधीची कच्ची आवृत्ती ठरते, तर डेबियनच्या नियमाने तीच नंतरची. अक्षरे तीच, क्रम मात्र उलट!

ही केवळ पंडिती चर्चा नव्हे. क्रम चुकला तर साधन जुनाच भाग नवा समजून बसविते आणि दुरुस्त झालेला दोष पुन्हा घरात येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ह्या संगणकभाषेची ३.१० ही आवृत्ती निघाली, तेव्हा क्रमांकाची पहिली तीनच अक्षरे वाचणाऱ्या प्रोग्रामांना ती ३.१ भासली. काही मांडणी-फाईलींत तर अवतरणचिन्हे न घातल्यामुळे ३.१० हा दशांश मानला गेला आणि शेवटचे शून्य निरर्थक म्हणून गळून पडले. नवी आवृत्ती मागितली असता बारा वर्षांपूर्वीचीच हुडकली जाऊ लागली.

तात्पर्य, क्रम हा आकड्यांच्या अंगी नसतो. तो लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करारात असतो. बिंदूच्या उजवीकडे आणे आहेत की दशांश, हे आधी ठरले नसेल, तर अचूक गणितही चुकीचेच उत्तर देते.