विक्का पंथाचे ऋतूत्सव आणि एकल उपासना

विक्का या आधुनिक निसर्गपूजक धर्मपंथात सूर्याच्या वार्षिक गतीस अनुसरून आठ उत्सव पाळले जातात. त्यांच्या चक्रास ‘वर्षचक्र’ असे नाव आहे. हा पंथ विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आला व पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. देशांत पसरला. देवी आणि शृंगधारी देव या दैवतयुग्माची उपासना हे त्याचे मुख्य लक्षण होय. वर्षातील आठ उत्सवांना ‘सॅबट’ व पौर्णिमेच्या उपासनेस ‘एस्बट’ म्हणतात. प्रारंभी हे विधी दीक्षा घेतलेल्या उपासकांच्या लहान मंडळातच (कव्हन) होत असत. १९७० नंतरच्या दोन दशकांत मात्र कोणत्याही मंडळात न जाता, गुरूविना व एकट्याने ते करण्याची प्रथा रूढ झाली आणि आज बहुसंख्य उपासक याच प्रकारचे आहेत. गुप्त दीक्षेवर आधारलेल्या पंथाचे एकल उपासकांच्या धर्मात झालेले हे रूपांतर आधुनिक धर्मेतिहासात लक्षणीय ठरते.

‘विक्का’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतील असून त्याचा मूळ अर्थ जादूटोणा करणारा पुरुष असा आहे. मराठीतील ‘चेटकीण’ या शब्दाने या पंथाच्या उपासिकेचा निर्देश करणे दिशाभूल करणारे ठरेल. चेटकीण हा समाजाने एखाद्या स्त्रीवर लादलेला आरोप असतो, तर विक्का हे अनुयायांनी स्वेच्छेने स्वीकारलेले नाव आहे.

उगम : पंथाचे प्रवर्तक जेरल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांचे प्रौढ आयुष्य श्रीलंका, बोर्निओ व मलाया येथे चहा-रबराच्या मळ्यांवर आणि नंतर जकात खात्यात गेले. मलायातील क्रिस या कट्यारीवरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर ते दक्षिण इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्टच्या परिसरात स्थायिक झाले व तेथे १९३९ मध्ये एका प्राचीन चेटूकधर्माच्या गुप्त मंडळाने आपणास दीक्षा दिली, असे त्यांनी पुढे प्रतिपादिले. इंग्लंडमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर त्यांना उघडपणे लिहिणे शक्य झाले. विचक्राफ्ट टुडे (१९५४) व द मीनिंग ऑफ विचक्राफ्ट (१९५९) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत.

त्यांच्या प्रतिपादनामागे मार्गारेट मरी (१८६३–१९६३) यांचा सिद्धांत होता. कलकत्ता येथे जन्मलेल्या मरी या मूळच्या ईजिप्तविद्येच्या अभ्यासक. द विच-कल्ट इन वेस्टर्न यूरोप (१९२१) या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की यूरोपात चेटकिणी म्हणून ज्यांचा छळ झाला, ते लोक वस्तुतः ख्रिस्तपूर्व काळापासून टिकून राहिलेल्या एका संघटित धर्माचे अनुयायी होते. गार्डनर यांच्या विचक्राफ्ट टुडे या ग्रंथास मरी यांनीच प्रस्तावना लिहिली. मात्र पुढील पिढीच्या इतिहासकारांनी हा सिद्धांत त्याज्य ठरविला. नॉर्मन कोन यांनी यूरोप्स इनर डीमन्स (१९७५) या ग्रंथात मरी यांनी साक्षींतील अद्‌भुत भाग वगळून सोयीचा तेवढाच भाग उद्‌धृत केल्याचे दाखवून दिले. चेटकिणींच्या खटल्यांत नव्वद लाख बळी गेले, हा पंथीय लेखनात वारंवार येणारा आकडाही टिकलेला नाही. आधुनिक संशोधनानुसार ही संख्या सर्वसाधारणपणे चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान असावी.

अष्टार चक्राची घडण : वर्षचक्रातील आठ उत्सव दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात आयर्लंड व स्कॉटलंडच्या पशुपालक समाजातील चार ऋतुसंधी येतात : साविन (३१ ऑक्टोबर), इम्बॉल्क (१ वा २ फेब्रुवारी), बेल्टन (३० एप्रिल वा १ मे) व लूनसा अथवा लॅमस (१ ऑगस्ट). दुसऱ्या गटात दोन अयनदिन व दोन संपातदिन येतात : यूल (डिसेंबर), ओस्टारा (मार्च), लिथा (जून) व मेबन (सप्टेंबर).

पहिल्या गटास मध्ययुगीन आयरिश वाङ्‌मयाचा भक्कम आधार आहे. बेल्टनच्या दिवशी दोन अग्नींमधून गुरे हाकण्याच्या प्रथेचा उल्लेख इ. स. ९०० च्या सुमारास रचलेल्या कॉर्मकच्या शब्दकोशात आढळतो. इम्बॉल्क हा ख्रिस्ती परंपरेत संत ब्रिजिडचा सण झाला. लॅमस या प्राचीन इंग्रजी नावाचा अर्थ नव्या धान्याच्या पावाची प्रार्थनासभा असा आहे. मरी यांनी स्कॉटलंडमधील फॉरफर येथील १६६१ च्या खटल्यातील एका स्त्रीची साक्ष उद्‌धृत केली असून तीत वर्षातील अशाच चार तिमाही मेळाव्यांचा निर्देश येतो. गार्डनर यांनी हे चार प्रमुख उत्सव म्हणून स्वीकारले.

अयन व संपात यांचे उत्सव निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या स्वरूपांत होते. परंतु आठही उत्सव एकत्र पाळणारा कोणताही प्राचीन समाज ज्ञात नाही. गार्डनर यांच्या मंडळात अयन-संपातांना प्रारंभी गौण स्थान होते. हर्टफर्डशरमधील ब्रिकेट वुड येथील मंडळाच्या सदस्यांनी १९५८ मध्ये हे चार दिवसही समान प्रतिष्ठेने साजरे करावेत, अशी विनंती केली व गार्डनर यांनी ती मान्य केली. त्यांचे मित्र व ड्रुइड पंथाचे पुरस्कर्ते रॉस निकल्स (१९०२–७५) यांनी हीच आठ उत्सवांची योजना आपल्या संप्रदायात रुजविली. अष्टार चक्र आज प्राचीन वाटत असले, तरी त्याचे वय शतकभराचेही नाही.

काही नावे तर याहूनही अलीकडची आहेत. अमेरिकन लेखक एडन केली यांनी १९७४ च्या सुमारास पंथीय दिनदर्शिका तयार करताना ओस्टारा, लिथा व मेबन ही नावे योजिली. लिथा हे नाव इंग्लंडमधील बीड या मठवासी विद्वानाने ७२५ मध्ये लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथातून आले. त्याच ग्रंथातील ईओस्ट्रे या देवीच्या त्रोटक उल्लेखावरून जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांनी १८३५ मध्ये ओस्टारा या देवीची कल्पना मांडली. मेबन हा वेल्श कथांतील एक वीर असून शरद संपाताशी त्याचा परंपरेने काहीही संबंध नाही.

उत्सवांचा आशय : या आठ दिवसांना जोडणारी एक कथा पंथात सांगितली जाते. यूलच्या वेळी देवीच्या पोटी सूर्यरूप देव जन्म घेतो. वसंतात तो वाढतो. बेल्टनला देवीशी त्याचे मीलन होते. ग्रीष्मात त्याचे तेज परमोच्च असते. पिकांच्या कापणीबरोबर तो क्षीण होतो आणि साविनला मरण पावून पुन्हा जन्मण्यासाठी देवीच्या उदरात जातो. मरणाऱ्या व पुन्हा उठणाऱ्या देवाच्या या कल्पनेवर जेम्स फ्रेझर यांच्या द गोल्डन बाउ (१८९०) व रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांच्या द व्हाइट गॉडेस (१९४८) या ग्रंथांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. साविनला अनेक उपासक वर्षारंभ मानतात. या रात्री मृतांचे स्मरण करतात व त्यांच्यासाठी अन्न ठेवतात. इम्बॉल्कला दिवे, ओस्टाराला बी-बियाणे व रंगविलेली अंडी, बेल्टनला फुले, लूनसाला नवा पाव, मेबनला फळे आणि यूलला सदाहरित वृक्षांच्या फांद्या व ओंडक्याचा अग्नी, अशी प्रत्येक उत्सवाची सामग्री ठरलेली आहे.

मंडळाकडून एकल उपासनेकडे : गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या असून पुरुषाने स्त्रीस व स्त्रीने पुरुषास दीक्षा द्यावी, असा नियम होता. ‘छायाग्रंथ’ नावाची विधींची वही प्रत्येक दीक्षिताने गुरूच्या वहीवरून हाताने उतरून घ्यावयाची असे. या व्यवस्थेत एकट्या व्यक्तीस स्थान नव्हते. पंथाची माहिती छापील ग्रंथांतून दूरवर पोहोचू लागली, तेव्हा यातील अडचण उघड झाली. लहान गावातील वाचकास जवळपास मंडळ नसे. असले तरी ते गुप्त असे. आणि जेथे ते सापडे तेथे प्रवेश प्रमुखाच्या मर्जीवर अवलंबून असे.

ही कोंडी प्रथम पंथातील अधिकारी व्यक्तींनीच फोडली. गार्डनर यांच्या परंपरेचा अमेरिकेत प्रसार करणारे रेमंड बकलंड (१९३४–२०१७) यांनी द ट्री (१९७४) या ग्रंथात ‘सीॲक्स-विका’ ही नवी शाखा मांडली व तीत स्वतःच स्वतःला समर्पित करून घेण्याची मुभा दिली. त्याहून महत्त्वाची भूमिका डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–९९) यांची. १९५३ मध्ये गार्डनर यांच्याकडून दीक्षा घेतलेल्या व्हॅलिएंटे यांनी पंथाच्या अनेक विधिवचनांना वाङ्‌मयीन रूप दिले होते. विचक्राफ्ट फॉर टुमॉरो (१९७८) या ग्रंथात त्यांनी स्वयंदीक्षेचा विधी जाहीरपणे दिला. दीक्षितानेच दीक्षा द्यावयाची, तर पहिल्या दीक्षितास कोणी दीक्षा दिली, या त्यांच्या प्रश्नाने परंपरावाद्यांचा मुख्य युक्तिवादच दुबळा झाला.

एकल उपासनेस सर्वपरिचित रूप दिले ते स्कॉट कनिंगहॅम (१९५६–९३) यांनी. विक्का : अ गाइड फॉर द सॉलिटरी प्रॅक्टिशनर (१९८८) या त्यांच्या पुस्तकात तात्त्विक विवेचनाबरोबरच एकट्याने करावयाचा आठही उत्सवांचा संपूर्ण विधी दिलेला आहे. मंडळात पुरोहित व पुरोहिता यांच्यात विभागलेली कामे येथे एकाच व्यक्तीकडे येतात. उपासक घरातील एखादे मेज वेदी म्हणून मांडतो. तीवर देवी व देव यांच्या दोन मेणबत्त्या, पाण्याचे व मिठाचे पात्र, धूप आणि काळ्या मुठीची सुरी ठेवतो. सूर्याच्या गतीच्या दिशेने फिरून मंडल आखतो. पूर्वेस वायू, दक्षिणेस अग्नी, पश्चिमेस जल व उत्तरेस पृथ्वी यांचे आवाहन करतो. उत्सवाचा विशेष विधी झाल्यावर पाव किंवा पोळी व पेय यांचा प्रसाद घेतो आणि शेवटी मंडल विसर्जित करतो. डोंगरावरील होळीची जागा लहान लोखंडी कढईतील ज्वाला घेते. साविनच्या विधीत उपासक आपला त्याज्य दोष वा सवय कागदावर लिहून त्या ज्वालेत जाळतो.

परंपरावाद्यांनी या प्रकारावर कठोर टीका केली. परीक्षा घेणारा गुरू नसल्यास स्वतःच्या कल्पनेलाच देवतेचा साक्षात्कार समजण्याचा धोका राहतो आणि पुस्तकविक्रीच्या ओघात धर्म ही बाजारातील वस्तू होते, हे त्यांचे मुख्य आक्षेप होत. त्यांत तथ्य नाही असे म्हणता येत नाही. सामूहिक उत्सवात परस्परांना मिळणारा आधारही एकल उपासकास लाभत नाही. दुसऱ्या बाजूने, गुप्त मंडळातील अधिकाराचा गैरवापर, पुरुष-स्त्री जोडीचा आग्रह आणि नोकरी वा कुटुंब गमावण्याचे भय यांपासून एकल उपासनेने अनेकांची सुटका केली, हेही खरे. मंडळात उत्सवाची तिथी व विधी ठरलेले असतात. एकटा उपासक आपल्या परिसराकडे पाहून ते ठरवू शकतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अनेक उपासक चक्र उलटे फिरवून यूल जूनमध्ये व लिथा डिसेंबरमध्ये पाळतात. उत्सवाचा आधार ग्रंथातील दिनांक की डोळ्यांसमोरचा ऋतू, या प्रश्नाचे उत्तर तेथे ऋतूच्या बाजूने दिले गेले.

विधिमान्यता व सद्यःस्थिती : संघटना, मंदिर वा पुरोहितवर्ग नसलेल्या उपासनेस कायद्याने धर्म मानावे काय, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापुढे आला. व्हर्जिनियातील एका कैद्याच्या दाव्यात (डेटमर विरुद्ध लँडन, १९८६) संघीय अपील न्यायालयाने विक्का हा संविधानाच्या संरक्षणास पात्र असा धर्म असल्याचे मान्य केले. मात्र त्याने मागितलेल्या विधिसाहित्यास तुरुंगाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून परवानगी नाकारणे वैध ठरविले. मृत सैनिकांच्या थडग्यांवर पंचकोनी तारकेचे चिन्ह कोरण्यास तेथील शासनाने दीर्घकाळ मान्यता दिली नव्हती. दिवंगत सैनिकांच्या कुटुंबीयांनी चालविलेल्या लढ्यानंतर २००७ मध्ये ती मिळाली.

इंग्लंड व वेल्समधील २०११ च्या जनगणनेत सु. ११,८०० व्यक्तींनी आपला धर्म विक्का असा नोंदविला; २०२१ मध्ये ही संख्या सु. १३,००० झाली. स्वतःस केवळ निसर्गपूजक म्हणविणाऱ्यांची संख्या त्या वर्षी सु. ७४,००० होती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हेलन बर्गर यांच्या सॉलिटरी पेगन्स (२०१९) या ग्रंथातील पाहणीवरून निसर्गपूजकांत एकल उपासकांचे प्रमाण १९९० नंतरच्या दशकातील निम्म्याहून किंचित अधिक असलेल्या प्रमाणावरून पुढे सु. चार-पंचमांशापर्यंत वाढल्याचे दिसते.

रॉनल्ड हटन यांनी द ट्रायम्फ ऑफ द मून (१९९९) या ग्रंथात पंथाच्या उगमाचा सविस्तर इतिहास मांडला व विक्का हा प्राचीन धर्माचा अवशेष नसून आधुनिक इंग्लंडमध्ये निर्माण झालेला धर्म असल्याचे दाखविले. यामुळे पंथ लयास जाईल अशी अपेक्षा काहींनी केली होती. तसे घडले नाही. अनेक अनुयायांनी हा निष्कर्ष स्वीकारला आणि आपल्या उत्सवांचे प्रामाण्य पुरातनत्वात न शोधता ऋतूंच्या प्रत्यक्ष अनुभवात शोधले. अयन व संपात यांना कोणत्याही परंपरेच्या दाखल्याची गरज नसते. गुरू, मंडळ व प्राचीनता हे तिन्ही आधार सुटल्यावरही ही उपासना टिकून राहिली, याचे एक कारण यात आढळते.