किडनी, तुरटी आणि विसर

किडनी बिघडली की डोकंही बिघडतं, हे वैद्यकाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. काळागणिक बदलत गेला तो आरोपी.

पहिला आरोपी युरिया. प्राण्यांच्या किडन्या काढल्यावर रक्तात युरिया साचतो, हे प्रेव्हो आणि द्युमा यांनी 1821 मध्ये दाखवलं. 1827 मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज, लघवीतलं प्रथिन आणि मृत्यूनंतर दिसलेल्या खराब किडन्या यांची सांगड घातली. चमच्यातली लघवी मेणबत्तीवर तापवायची, पांढरं साकळलं की निदान झालं! डोकेदुखी, झटके, शेवटी बेशुद्धी हेही त्यांच्या नोंदींत आहे. 'युरिया डोक्यात चढला' असं नातेवाईक आजही म्हणतात. एकट्या युरियावर हा आळ घेणं अन्यायाचं आहे. साचणारी विषं पुष्कळ आहेत.

ती विषं गाळता येतात, हे नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी सिद्ध केलं. सॉसेजच्या आवरणाच्या सेलोफेन नळ्या एका फिरत्या पिंपावर गुंडाळून त्यांनी यंत्र बनवलं. आधीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले होते. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बेशुद्ध बाई मात्र त्या यंत्रावर शुद्धीत आली. डायलिसिसचा पहिला मोठा विजय म्हणजे मेंदू जागा झाला, हाच होता.

1960 मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायमची नळी बसवली आणि वर्षानुवर्षं डायलिसिस शक्य झालं. मग उपचारच आरोपी ठरला. 1972 मध्ये डेन्व्हरच्या ॲलन आल्फ्रे यांनी एक विचित्र आजार मांडला: दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले रुग्ण बोलताना अडखळू लागत, अंगाला झटके येत, स्मृती जाई, काही महिन्यांत मृत्यू. 1976 मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम सापडलं. काही आलं होतं फॉस्फरस कमी करायला दिलेल्या गोळ्यांतून, बरंचसं नळाच्या पाण्यातून. नदीचं गढूळ पाणी निवळायला जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी टाकतात, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. पिणाऱ्याला त्याचा त्रास नाही, कारण आतडं फारच थोडं आत घेतं. डायलिसिसमध्ये मात्र चार तासांत सुमारे 120 लिटर पाणी रक्ताच्या शेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून वाहतं.

म्हणून नागपुरातही पेंच-कन्हानचं पाणी घरी प्यायला चालतं, डायलिसिसच्या यंत्राला थेट चालत नाही. आधी आरओतून जावं लागतं. विदर्भातल्या माणसाला पाण्याचं हे महत्त्व वेगळं सांगायला नको. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारींसाठी बोट पाण्याकडेच दाखवलं जातं.

पाणी शुद्ध झालं, ॲल्युमिनियमचा तो आजार जवळजवळ संपला, विसर मात्र उरला. 2006 मध्ये मिनेसोटात ॲन मरे यांनी 55 वर्षांवरच्या डायलिसिसच्या रुग्णांची बौद्धिक तपासणी केली. पूर्णपणे ठीक निघाले जेमतेम 13 टक्के. तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांत गंभीर घट होती. केसपेपरवर तिची नोंद? तीन टक्क्यांहून कमी.

आताचा मुख्य आरोपी आहे बारीक रक्तवाहिन्या. किडनी आणि मेंदू, दोघांनाही सतत भरपूर रक्त लागतं. मधुमेह आणि रक्तदाब दोघांच्या वाहिन्या एकदमच खातात. म्हणून नावं विसरण्याआधी हिशेब चुकतो, लक्ष उडतं, औषधांचा क्रम बिघडतो, आणि हे डायलिसिस सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून. त्यात डायलिसिसवर रक्तदाब उतरला की मेंदूचा पुरवठा घटतो. ब्रिटनमध्ये ख्रिस मॅकइन्टायर यांच्या गटाने 73 रुग्णांवर एक साधा उपाय तपासला: यंत्रातलं द्रावण रुग्णाच्या तापमानापेक्षा अर्धा अंश थंड ठेवायचं. वर्षभराने थंड द्रावण मिळालेल्या रुग्णांच्या मेंदूतला पांढरा भाग इतरांपेक्षा जास्त शाबूत होता. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं. खर्च जवळपास शून्य!

राज्याच्या जीवनदायी योजनेत डायलिसिस आलं. ती 2012 मध्ये गडचिरोली-अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी नागपुरात. पैशाचा प्रश्न थोडा हलका झाला. पण वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलं जातं त्या कागदावर बुद्धीचा रकाना क्वचितच असतो. पथ्य मोडणाऱ्या म्हाताऱ्याला आपण हट्टी म्हणतो. त्याला ते आठवतच नसेल, ही शंका कुणी घेत नाही.

तेव्हा घरात किडनीचा रुग्ण असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तोंडाने सांगा: बाबा हिशेबात चुकतात, गोळ्या दोनदा घेतात. ॲसिडिटीचं पातळ औषध विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात बहुधा ॲल्युमिनियम असतं. आणि पथ्याच्या सूचना देताना सोबत घरचं कुणीतरी बसू द्या.