मनोसामाजिक आधार

मनोसामाजिक आधार : दुःखाकडे एकट्या व्यक्तीचा आजार म्हणून न पाहता घर, रूढी, जात, उपजीविका यांसह पाहणारी मदत. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. तळियेत अखेर शोध थांबवून बेपत्ता माणसांना मृत घोषित करावे लागले. देहच हाती लागला नाही, तर रडायचे कोणापाशी? अशा वेळी दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याची हिंदू प्रथा आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणारा समुपदेशक शोकाची वाटच बंद करतो. आपत्तीतील मानसिक आरोग्याबाबत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही स्थानिक शोकविधींना महत्त्व दिले आहे. मुंबईला चाकरीला असल्यामुळे वाचलेल्या तरुणाच्या मनातली अपराधाची बोचही याच मदतीच्या कक्षेत येते. या मदतीला न्यायाचीही बाजू आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडातच डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, तेव्हा मनावरचा अपमान हा सार्वजनिक हक्काचा प्रश्न म्हणून उभा राहिला. म्हणून कातकरी वाडीतल्या मुलाची झोप का उडाली हे विचारताना वीटभट्टीवरचे स्थलांतर, सुटलेली शाळा आणि घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हेही विचारावे लागते.