चिखलावर तरंगणारा रस्ता

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या बंगल्यावर जाण्याचा योग आला. जागा सखल, माती काळी. मोटार उभी करण्याकरितां त्यांनीं फाटकापासून पायऱ्यांपर्यंत खडी टाकली होती असें ऐकून होतों. पण प्रत्यक्षांत दिसल्या त्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांत सांचलेलें पाणी आणि कडेला विखुरलेले चार खडे. "गेलीं चार वर्षें दर साल दोन गाड्या खडी ही जमीन गिळते आहे," ते कष्टी होऊन म्हणाले. आतां त्यांनीं निश्चय केला होता कीं, खालीं टणक थर लागेपर्यंत खणावयाचें आणि सारा चिखल उपसून टाकावयाचा. खर्चाचा अंदाज ऐकून मी गप्पच झालों. परंतु मनांत आलें, हाच वाद अठराव्या शतकांत इंग्लंडच्या एका माळावर झाला होता, आणि तो एका आंधळ्या मनुष्यानें जिंकला होता.

त्याचें नांव जॉन मेटकाफ. यॉर्कशायर परगण्यांतील नेअर्झबरो गांवीं १७१७ सालीं त्याचा जन्म झाला. सहाव्या वर्षीं देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. आईबापांनीं फिडल शिकविलें तें पोटाला लागेल म्हणून; पण हा गडी पोहावयास शिकला, घोडे पारखूं लागला, १७४५ च्या बंडाच्या वेळीं फौजेबरोबर वादक म्हणून गेला, आणि पुढें मालवाहतुकीच्या गाड्या चालवूं लागला. रस्ता वाईट असणें म्हणजे काय, हें गाडीवानाइतकें दुसरें कोणास ठाऊक असणार? १७६५ मध्यें सरकारनें बांधण्यास मंजुरी दिलेल्या एका टोलरस्त्यापैकीं तीन मैलांचा मक्ता त्यानें घेतला, आणि तेथून त्याचा नवा धंदा सुरू झाला. आयुष्यभरांत त्यानें सुमारें १८० मैलांचे रस्ते बांधले. हातांत एक लांब काठी घेऊन तो एकटाच डोंगर-दऱ्या तुडवीत जाई. जमीन कोठें दबते, कोठें आवाज देते, हें त्या काठीनें व पायांनीं पारखून घेई. हिशेब सारे मनांत.

हडर्सफील्डहून मँचेस्टरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामांत त्याला एक दलदलीचा माळ आडवा आला. शेंकडों वर्षें कुजत आलेल्या वनस्पतींचा तो काळा, पाण्यानें फुगलेला थर. त्यावर गाडी घालणें म्हणजे ती गमावणें. रस्त्याच्या विश्वस्तांचें म्हणणें असें कीं, ही सारी घाण तळापर्यंत उकरून काढावी. आमच्या स्नेह्यांचाच बेत! मेटकाफनें मनांत आंकडे मांडले. सरासरी नऊ फूट खोल आणि चौदा यार्ड रुंद चर खणावा लागेल. म्हणजे दर सात यार्ड लांबीला २९४ घनयार्ड दलदल उपसून वाहून न्यावी लागेल. आणि एवढें करून हातीं काय येईल? पावसाळ्यांत पाण्यानें व हिंवाळ्यांत बर्फानें भरणारा एक रुंद खंदक! त्यानें सांगितलें कीं, मला माझ्या रीतीनें करूं द्या. फसलें तर तुमच्या रीतीनें पुन्हा करून देईन.

मग त्यानें त्या माळावरचेंच हेदर नांवाचें काटक झुडूप कापविलें. दोन्ही हातांच्या पकडींत मावतील एवढ्या त्याच्या पेंढ्या बांधविल्या. एक थर रस्त्याच्या दिशेनें उभा, त्यावर दुसरा आडवा, असा गालिचाच अंथरला. तो दाबून बसविला आणि त्यावर रुंद चाकांच्या गाड्यांतून दगड व वाळूमिश्रित खडी आणून पसरली. घोड्यांसह गाडी गडप होणार ही मौज पाहण्यास लोक जमले होते. पहिली गाडी भार टाकून सुखरूप परत आली तेव्हां त्यांनींच जयघोष केला. ह्या तुकड्याला पुढें जवळजवळ बारा वर्षें फारशी डागडुजी लागली नाहीं, आणि साऱ्या रस्त्यांत हाच भाग अधिक कोरडा राहिला, असें चरित्रकार सॅम्युअल स्माइल्स यानें नमूद केलें आहे.

हें घडलें कसें? चिखलावर टाकलेली खडी बुडते असें आपण म्हणतों, पण तें अर्धेंच खरें आहे. चाकाचा दाब आला कीं दगड खालीं रुततो आणि त्याच वेळीं पातळ चिखल पाण्याबरोबर दगडांच्या फटींतून वर चढतो. खडीचें बळ दगडांच्या कडा एकमेकींत अडकण्यांत असतें. मध्यें चिखल शिरला कीं वंगण घातल्यासारखे ते दगड सरकूं लागतात. खडी जाते कोठेंही नाहीं. तिचा चिखल होतो. नवी गाडी ओतली तरी तिचीही तीच गत. मेटकाफच्या पेंढ्यांनीं भार रुंद जागेवर पसरविला आणि चिखल व दगड यांची सरमिसळ होऊं दिली नाहीं. झाडपाला कुजेल ही शंका रास्त आहे. पण पाण्यानें सदा भरलेल्या दलदलींत हवा पोंचत नाहीं आणि कुजण्याची क्रिया फार मंदावते. सॉमरसेटच्या दलदलींत १९७० सालीं सांपडलेली फळ्यांची पायवाट झाडांच्या वर्तुळांवरून इसवी सनापूर्वीं ३८०७-३८०६ च्या सुमाराची ठरली. तिचें लांकूड ओळखूं येण्याजोगें टिकून होतें!

मेटकाफ १८१० सालीं वारला. त्यानंतर लौकरच जॉन लाउडन मॅकॅडम याचें नांव गाजूं लागलें. टेल्फर्डसारखा थोर स्थापत्यकार खालीं मोठे दगड हातानें रचीत असे. आपल्याकडील सोलिंग तें त्याच घराण्यांतलें. मॅकॅडमला तें मान्य नव्हतें. त्याचें म्हणणें असें कीं, भार शेवटीं वाहते ती मूळची माती. तिला कोरडी ठेवा म्हणजे ती वाटेल तो भार वाहील. म्हणून रस्ता आसपासच्या जमिनीहून उंच, पाण्यास जावयास वाट, आणि सहा औंसांहून जड नाहीं असा फोडलेला, कोनदार दगड. १८१९ मध्यें पार्लमेंटच्या समितीपुढें त्यानें असेंही सांगितलें कीं, मनुष्य चालूं शकेल इतपत दलदल असेल तर टणक जमिनीपेक्षां मी तीच पसंत करीन. सभासदांच्या भिंवया वर गेल्या असल्यास नवल नाहीं. ह्या मतांत थोडा आग्रहीपणा आहे, असें मला वाटतें. पाणी हाच खरा शत्रू, हें मात्र त्यानें अचूक ओळखलें.

लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडीच्या मार्गांत चॅट मॉस नांवाची विस्तीर्ण दलदल आली, तेव्हां जॉर्ज स्टीफन्सनला हे दोन्ही उपाय एकदम करावे लागले. आधीं चर खणून पाणी काढलें; चरांच्या भिंती ढांसळूं लागल्या तेथें डांबराचीं रिकामीं पिंपें जोडून त्यांचे नळ केले; आणि हेदर व फांद्या विणलेल्या ताट्यांवर रूळमार्ग तरंगत ठेवला. १८३० सालीं तो मार्ग खुला झाला, आणि आजही त्यावरून गाड्या धांवतात.

पेंढ्यांची जागा पुढें कापडानें घेतली. अमेरिकेंत साउथ कॅरोलायना संस्थानांत १९२६ पासून रस्त्यांत जाड सुती कापड घालून पाहण्यांत आलें. सूत अखेर कुजणारच. कृत्रिम धाग्यांचें न कुजणारें कापड आलें तेव्हां ही अडचण सरली, आणि १९७७ च्या पॅरिस येथील परिषदेंत त्याला जिओटेक्स्टाइल हें नांव मिळालें. त्यांतून पाणी झिरपतें, चिखल येत नाहीं. काम तेंच, पेंढ्यांचें.

आमच्या स्नेह्यांनीं खणण्याचा बेत सोडला. वरची गवताळ, भुसभुशीत माती तेवढी काढली, कडेनें उताराचा चर घेतला, आणि कापडाच्या पट्ट्या हातभर एकीवर एक चढवून अंथरल्या. मजुरांना एकच ताकीद होती : कापडावर गाडीचें चाक नको, आधीं वीतभर खडी, मग चाक. नदीचे गुळगुळीत गोटे स्वस्त मिळत होते, ते त्यांनीं परत पाठविले व खाणीची फोडलेली खडी घेतली. मधोमध किंचित् उंचवटा ठेवून दुरमुसानें ठोकून घेतली.

यंदा श्रावणांत मी पुन्हा गेलों तेव्हां पाऊस लागून राहिला होता. त्यांनीं छत्री माझ्या हातीं दिली आणि फावड्यानें एका कोंपऱ्यांतली खडी कापडापर्यंत दूर करून दाखविली. कापड ओलें होतें. त्याची कड उचलतांच खालची काळी माती लोण्यासारखी मऊ लागली. खडी मात्र पावसानें धुतलेली, स्वच्छ होती.